शोक आणि गुणदोषविवेक

मेलेल्या माणसाविषयी बोलावयाचे तर चांगलेच बोलावे, असा शिष्टसंप्रदाय सर्वच समाजांत आहे. आणि तो वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. घरात सुतक असता कोणी कोणाच्या उण्यादुण्याचा हिशेब मांडीत नाही. परंतु गेलेले माणूस कलावंत असेल आणि त्याच्या हातचे काम त्याच्यामागे लोकांसमोर येत असेल, तर टीकाकाराने काय करावे? लेखणी तेरा दिवस खाली ठेवावी, वर्षभर ठेवावी, की त्या कामापुरती कायमचीच ठेवावी? हा प्रश्न केवळ तात्त्विक आहे, असे आम्हांस पूर्वी वाटत असे. एका दिवाळीत, आमच्या कामठ्याच्या घरी, तो अगदी घरचा होऊन पुढे उभा राहिला. आणि त्या निमित्ताने एका जपानी चित्रपटाविषयीचे आमचे म्हणणे आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कामठा हे गोंदिया जिल्ह्यातले जुने जमीनदारीचे गाव. १९९९ साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला. पण दिवाळीनंतरच्या मंडईला जिल्ह्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. भाऊबीजेपासून पुढे गावोगाव मंडई भरत जाते. लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा बाजार चालतो, आणि रात्री दंडार नाही तर झाडीपट्टीचे नाटक उभे राहते, ते उजाडेपर्यंत. त्या वर्षी आमची भाची पुण्याहून आली होती. ती तेथे अॅनिमेशनच्या एका कारखान्यात काम करते; कारखाना हा शब्द तिचाच. परदेशच्या मालिकांसाठी लागणारी चित्रे ती व तिच्यासारखी पुष्कळ मुले रोज काढीत असतात. मालिका पडद्यावर येते, शेवटी नावांची रांग वर सरकू लागते, आणि त्या रांगेत त्या मुलांचे नाव नसते. हे तिने तक्रारीच्या सुरात कधी सांगितले नाही. विचारले तेव्हा सांगितले इतकेच.

"मामा, दंडारीला अजून पुष्कळ वेळ आहे, तोवर माझ्याबरोबर एक चित्रपट पाहा," असे ती म्हणाली, आणि 'व्हायोलेट एव्हरगार्डन' हा २०२० साली जपानात प्रदर्शित झालेला चित्रपट तिने आपल्या संगणकावर लावला. आम्ही तो सुमारे अडीच तासांचा खेळ पाहिला, मन लावून पाहिला, आणि संपल्यावर सवयीप्रमाणे त्याचे गुणदोष सांगू लागलो. गुण सांगून झाले तोवर भाची ऐकत होती. दोषांवर आलो तेव्हा मात्र ती एकदम म्हणाली, "मामा, ही माणसे जळून मेली. आणि तुम्ही त्यांच्या चुका मोजता?"

या वाक्याने आम्ही गप्प झालो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तिच्या रागाचे कारण वाचकांस कळावे म्हणून आधी घडलेली हकीकत थोडक्यात देतो.

जपानातील क्योटो शहराच्या दक्षिणेस ऊजी नावाचे गाव आहे. तेथील 'क्योटो अॅनिमेशन' ही संस्था १९८१ साली एका गृहिणीने सुरू केली. योको हात्ता यांनी पूर्वी एका चित्रसंस्थेत रंग भरण्याचे काम केले होते. त्या अनुभवावर शेजारच्या बायकांना हाताशी धरून त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रांना रंग भरून देण्याचे काम घरगुती रीतीने आरंभिले. त्यातून वाढत वाढत ती संस्था स्वतःचे चित्रपट काढू लागली आणि जगभर नावाजली गेली. या धंद्यात चित्रामागे इतके येन अशी मजुरी देण्याची रीत फार. या संस्थेने ती सोडून आपल्या चित्रकारांस मासिक पगारावर ठेवले, नवशिक्यांसाठी स्वतःची शाळा काढली, आणि स्त्रियांस मोठ्या संख्येने कामावर घेतले. तिच्या चित्रपटांत राक्षस आणि लढाया यांपेक्षा वर्गातील बाकावर पडलेले ऊन, बोलता बोलता चाळवलेली बोटे, पावसाने जड झालेली बाही यांचीच ख्याती अधिक.

ही ख्याती किती कष्टाची आहे हे कळण्यास या कलेची कृती ठाऊक हवी. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकवून धरले तरी सेकंदास आठ ते बारा चित्रे लागतात. हालचालीचा आरंभ आणि शेवट एक जाणता चित्रकार काढतो. मधली चित्रे दुसरे काढतात. तिसरा ती तपासून चेहरा सर्वत्र एकच राहील असे पाहतो. पार्श्वभूमी चौथा रंगवितो आणि रंग कोणते हे पाचवा ठरवितो. एखाद्या मुलीने कपाळावरची बट मागे सारली एवढे दाखवावयाचे तरी त्यात अनेकांचे हात असतात. घोंगडी अंगावर घेणाऱ्यास तीत कोणाकोणाचे सूत आहे हे जसे दिसत नाही, तसेच हेही.

१८ जुलै २०१९ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास या संस्थेच्या क्योटोतील फुशिमी भागातल्या पहिल्या चित्रशाळेत एक मनुष्य पेट्रोल घेऊन शिरला आणि त्याने ते ओतून पेटविले. त्या वेळी तीन मजली इमारतीत सुमारे सत्तर माणसे कामावर होती. जिन्यातून आग आणि धूर काही क्षणांत वर चढला. छतावर जाण्याच्या जिन्यातच कित्येकांचे प्राण गेले. एकंदर ३६ माणसे मेली आणि तीसहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत अगदी तरुण मुलामुलींपासून एकसष्ट वर्षांच्या योशिजी किगामी यांच्यापर्यंत सर्व वयांचे लोक होते. या किगामींनी १९८८ सालच्या 'अकिरा' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या दोन्ही गाजलेल्या चित्रपटांसाठी चित्रे काढली होती, आणि पुढे या संस्थेत एक अख्खी पिढी शिकवून तयार केली होती. 'ह्योका' ही मालिका दिग्दर्शित करणारे यासुहिरो ताकेमोतो त्यांत होते. 'अ सायलेंट व्हॉइस' या चित्रपटातील पात्रांस रूप देणारे फुतोशी निशिया होते. आग लावणाऱ्याचे म्हणणे असे होते, की या संस्थेच्या लेखनस्पर्धेस त्याने पाठविलेल्या कादंबरीतील कल्पना संस्थेने चोरल्या. न्यायालयाने हा त्याच्या मनाचा भ्रम ठरविला. तथापि आपण काय करतो हे त्यास कळत होते असाही निर्णय देऊन जानेवारी २०२४ मध्ये त्यास मृत्युदंड सांगितला. त्या मनुष्याचे नाव आम्ही बुद्ध्याच लिहीत नाही. त्यास जागा देण्याइतका हा लेख मोठा नाही.

आता चमत्कार असा, की 'व्हायोलेट एव्हरगार्डन' ही मूळ कादंबरी याच संस्थेच्या लेखनस्पर्धेतून वर आली. काना आकात्सुकी या लेखिकेच्या त्या कादंबरीस २०१४ साली तेथील सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि २०१८ साली तिच्यावरून तेरा भागांची मालिका झाली. अनोळखी लेखकांसाठी जे दार या संस्थेने मुद्दाम उघडे ठेविले होते, त्याच दारातून व्हायोलेट आत आली; आणि त्याच दारातून नाकारला गेलेला एक मनुष्य पेट्रोल घेऊन परत आला. दार उघडे ठेवणे ही चूक होती, असे यावरून कोणी म्हणू नये.

व्हायोलेटची कथा अशी. एका काल्पनिक देशात, युरोपातील मागल्या शतकांची आठवण यावी अशा काळात, एका अनाथ मुलीस लढाईचे हत्यार म्हणून वाढविलेले असते. युद्धात तिचे दोन्ही हात जातात. ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ती लढली, तो गिल्बर्ट शेवटच्या क्षणी तिला "माझे तुझ्यावर प्रेम आहे" असे सांगतो. आणि या शब्दांचा अर्थच तिला कळत नाही. तो अर्थ कळावा म्हणून ती धातूचे हात लावून दुसऱ्यांची पत्रे लिहून देण्याचे काम पत्करते.

पत्रे लिहून देणे म्हणजे काय, हे आमच्याकडील जुन्या माणसांस सांगावयास नको. आमचे आजोबा शाळामास्तर होते. गावचा तरणा गडी नागपूरच्या गिरणीत गेला की त्याची बायको किंवा आई पोस्टकार्ड घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसे. ती सांगे, "आम्ही सुखी आहोत, काळजी करू नये म्हणून लिवा." आजोबा तसेच लिहीत. मग बरीच वेळ ती उठत नसे. आजोबाही कार्ड तिच्या हाती देत नसत. नुसते बसून राहत. शेवटी ती खाली मान घालून म्हणे, "दिवाळीले येता का, ते बी इचारा." पत्र ते एवढेच, वरच्या ओळी कार्ड भरावयास. व्हायोलेट आरंभी जी पत्रे लिहिते ती लष्करी बातमीपत्रासारखी कोरडी असतात, कारण लोक जे बोलतात तेवढेच ती टिपते. न उठणाऱ्या बाईसमोर बसून राहण्याची विद्या ती हळूहळू शिकते. आणि मालिकेचे तेरा भाग म्हणजे या शिक्षणाचाच इतिहास होय.

त्या मालिकेतील दहाव्या भागाची कीर्ती यथार्थ आहे. एक मरणोन्मुख आई व्हायोलेटकडून सात दिवस काही लिहून घेते. तिच्या लहान मुलीस, अॅनला, राग येतो, की आईचे उरलेले दिवस ही परकी बाई कोणाच्या पत्रांत खर्च करीत आहे. आई गेल्यावर कळते, की ती पत्रे अॅनसाठीच होती. पुढच्या पन्नास वाढदिवसांना एकेक पोचावे म्हणून लिहिलेली. २०२० सालचा चित्रपट येथूनच उचलतो. अॅन आता म्हातारी होऊन वारली आहे. तिची नात डेझी हिला ती पत्रांची पेटी सापडते, आणि ती पत्रे लिहून देणारी व्हायोलेट कोण होती हे शोधीत ती निघते. चित्रपट या दोन काळांत पुढेमागे होत चालतो.

यातला उत्तम भाग कोणता, हे सांगण्यास आम्हांस क्षणाचाही विचार करावा लागत नाही. युरिस नावाचा एक आजारी मुलगा इस्पितळात आहे. आपण मेल्यावर आईबापांस आणि धाकट्या भावास द्यावयाची पत्रे तो व्हायोलेटकडून लिहवून घेतो. एका मित्रासाठीचे पत्र मात्र राहून जाते. आजारात आपले रूप दिसू नये म्हणून त्या मित्रास त्याने भेट नाकारलेली असते. मुलगा अखेरच्या घटका मोजू लागतो तेव्हा व्हायोलेट दूर एका बेटावर असते. पत्र लिहवून घेण्याची शक्ती त्याच्यात उरलेली नसते. तेव्हा तिचे सहकारी, ज्या टेलिफोनमुळे आपला धंदा बुडणार म्हणून त्यांना धास्ती आहे, तोच टेलिफोन त्या मुलाच्या कानाशी धरतात, आणि दोघे मित्र बोलतात. पत्रांचा गौरव करणाऱ्या चित्रपटाने आपल्या सर्वांत मोठ्या क्षणी पत्रास बाजूला सारावे आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यास तो मान द्यावा, यात खरा विवेक आहे. साधन कोणतेही असो, शब्द वेळेवर पोचला पाहिजे, हे येथे कोणी बोलून दाखवीत नाही. पण पाहणाऱ्यास ते कळल्यावाचून राहत नाही. चित्रकारांनीही येथे हात आवरला आहे. खोलीतील उजेड, उशीवरचे डोके, टेलिफोनची तार. याहून अधिक काही नाही.

आता दोष. मालिकेत व्हायोलेट जे शिकली ते हे, की गिल्बर्ट परत येणार नाही आणि तरीही जगता येते. तिच्या आईबापांएवढ्या मोठ्या या दुःखावर मालिकेचा सारा डोलारा उभा आहे. चित्रपटात गिल्बर्ट जिवंत निघतो. एका बेटावर नाव लपवून तो मुलांना शिकवीत असतो, व्हायोलेटला भेटण्याचे नाकारतो, आणि अखेर समुद्रकाठी दोघांची भेट होते. ही भेट लांबते. दोघांचे अश्रू लांबतात. संगीत, जे युरिसच्या खोलीत इतके नम्र होते, ते येथे प्रेक्षकाच्या खांद्यावर हात ठेवून त्यास रडावयास सांगू लागते. दुसरे असे, की ज्या माणसाच्या अपराधी मनाची उकल एवढा वेळ चालते, तो गिल्बर्ट स्वतः फिकाच राहतो. त्याची वाट पाहणे जितके जिवंत होते तितका तो होत नाही. मूळ कादंबरीतही तो जिवंतच आहे, हे खरे. पण मालिकेने जे अवघड सत्य कमावले होते ते चित्रपटाने सोप्या समाधानाला विकले, असे आमचे मत आहे. आणि ते आम्ही भाचीसमोर बोलून दाखविले, तेव्हाच वर सांगितलेला प्रसंग घडला.

तिच्या आक्षेपाला आमच्याजवळ लगेच उत्तर नव्हते. रात्री मंडपात बसल्यावर, दंडारीचा ताल चालू असता, आम्ही त्याचाच विचार करीत होतो.

पहिला विचार असा, की या चित्रपटात आग पाहू नये. त्याची घोषणा २०१८ सालीच झाली होती; तो जानेवारी २०२० मध्ये यावयाचा होता; आगीमुळे तो एप्रिलवर गेला आणि साथीच्या रोगामुळे सप्टेंबरवर. गिल्बर्टचे जिवंत असणे हे कोणा मेलेल्या मित्राची वाट पाहणाऱ्या चित्रकारांचे स्वप्न आहे, असे म्हणणे गोड आहे, पण त्यास आधार नाही. प्रेक्षक आपला शोक चित्रपटात घालतो आणि मग तोच तेथून काढून घेतो. अशाने चित्रपटाचा दोष गुण ठरतो, आणि युरिसच्या खोलीतला खरा गुण कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण सर्वच ठिकाणी सारखेच रडू आलेले असते. दयेने केलेल्या स्तुतीत चांगल्या आणि वाईट कामाचा भेद पुसला जातो. एका बटेच्या हालचालीसाठी दहा वेळा चित्र फाडून पुन्हा काढणाऱ्या माणसांचा याहून मोठा अपमान कोणता?

दुसरा विचार आमच्याकडील गोष्टी आठवून सुचला. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली, तीत कोल्हापूरचा भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. 'मीठभाकर' हा चित्रपट त्या आगीत गेला. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभारला, चित्रपट पुन्हा केला, आणि १९४९ साली तो पडद्यावर आला. तेथे फीत जळाली आणि हात वाचले; म्हणून जळालेले परत करता आले. दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत १ जानेवारी १९८९ रोजी 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असता जन नाट्य मंचावर हल्ला झाला. एक कामगार ठार झाला, आणि सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी वारले. ४ जानेवारीस त्यांच्या पत्नी मलयश्री आणि सहकारी त्याच जागी परत गेले व नाटक पुरे केले. तेथे मुख्य हात गेला, पण नाटक हे माणसांच्या अंगात असते. उरलेल्यांच्या अंगातून ते पुन्हा उभे राहिले. क्योटोत याच्या उलट झाले. कागदावरची असंख्य चित्रे जळाली. परंतु संगणकात साठविलेली बरीच सामग्री काँक्रीटच्या भिंतींआड वाचली, आणि आठ-दहा दिवसांत ती परत मिळाल्याचे जाहीर झाले. चित्रे उरली, ती काढणारे हात गेले. आणि हा हात म्हणजे नुसते कौशल्य नव्हे. किगामी ज्यांना शिकवीत होते ती तरुण मुलेही त्यांच्याबरोबर गेली. गुरू आणि शिष्य एकाच जिन्यात पडल्यावर विद्या कोणाकडे राहावयाची?

यातूनच टीकाकाराचे काम निघते, असे आम्हांस वाटते. हात गेले असता त्या हातांची नजर, म्हणजे काय पुरे झाले आणि काय अपुरे राहिले हे ओळखणारी दृष्टी, ती तरी मागे राहावी. आणि ती पाहणाऱ्याने जपली तरच राहते. युरिसची खोली का साधली आणि समुद्रकाठ का साधला नाही हे सांगणे म्हणजे मेलेल्यांच्या चुका मोजणे नव्हे. त्या खोलीत जी शिस्त दिसते तीच त्यांची शिकवण आहे, आणि त्याच शिस्तीने त्यांचे उरलेले काम पाहणे हा त्यांच्याशी इमान राखण्याचा मार्ग आहे.

तथापि भाचीचा राग यावर संपला नव्हता, आणि तो का संपला नव्हता हे आम्हांस उशिरा कळले. तिचा प्रश्न दोषांचा नव्हताच. तो नावांचा होता. आम्ही 'चित्रपटाने असे केले', 'चित्रपटाने तसे केले' असे बोलत होतो. चित्रपट कोणी केला?

आगीनंतर मृतांची नावे प्रसिद्ध करावीत की नाही यावर जपानात मोठा वाद झाला. पोलिसांनी दहा नावे २ ऑगस्टला आणि पंचवीस नावे २७ ऑगस्टला जाहीर केली; पुष्कळ कुटुंबांची त्यास संमती नव्हती, आणि संस्थेनेही ती जाहीर करू नयेत असे म्हटले होते. तरी वृत्तपत्रांनी छापली. आपल्या मुलीचे नाव केवळ बळी म्हणून जगाच्या तोंडी होऊ नये, असे ज्या घरास वाटले त्यास दोष देणे आमच्याने होणार नाही. पण याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. व्हायोलेटचाच एक आधीचा चित्रपट, हल्ल्याच्या तोंडावर पुरा झालेला, ६ सप्टेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. कामावर लागून वर्ष न झालेल्यांचे नाव नामावळीत घालावयाचे नाही, अशी संस्थेची रीत होती. ती त्या वेळी मोडून, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सर्वांची नावे घातली. २०२१ साली ताकेमोतोंच्या एका जुन्या मालिकेचा पुढचा खंड निघाला, त्यातही मुख्य दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव तसेच ठेविले. वर्तमानपत्रात जे नाव येते ते त्या माणसावर काय गुदरले ते सांगते; नामावळीत जे येते ते त्याने काय केले ते सांगते. पहिल्यावर घराचा हक्क आहे. दुसरे त्या माणसाने कमावलेले असते, आणि ते लपवून ठेवण्याचा हक्क कोणासच नाही.

आम्ही भारतीय लोक अनामिक कलेची फार थोरवी गातो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी आपले नाव मागे ठेविले नाही, केवढा निरहंकार, असे आम्हीही शाळेत निबंधात लिहिले होते. पण अजिंठ्यास सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे, आणि वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचे नाव त्यात स्पष्ट कोरलेले आहे. दात्याचे नाव राहिले आणि चित्रकाराचे राहिले नाही, यात निरहंकार किती आणि व्यवहार किती, याचा विचार आम्ही शाळेत केला नव्हता. पुण्याच्या त्या कारखान्यात बसलेल्या आमच्या भाचीसही कोणी निरहंकारी म्हणेल. तिला कोणी विचारलेले नाही. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकाच्या जाहिरातीवरही नायक-नायिकेची नावे हातभर असतात. मागचा पडदा रंगविणाऱ्याचे नाव शोधून पाहावे.

क्योटोतील ती इमारत २०२० सालच्या एप्रिलअखेर पाडून झाली. जगभरच्या रसिकांनी तीन अब्ज येनहून अधिक मदत पाठविली. ऊजीतील एका बागेत जुलै २०२४ मध्ये स्मारक उभे राहिले असून त्यात ३६ पक्षी आहेत. संस्था पुन्हा चित्रपट काढू लागली आहे. हे सर्व यथायोग्य झाले. रसिकाने आपल्यापुरते काय करावे याविषयी मात्र आम्हांस दोनच गोष्टी सुचवावयाच्या आहेत. चित्रपट पाहावा तो डोळे उघडे ठेवून, चांगल्यास चांगले व उण्यास उणे म्हणत पाहावा. आणि तो संपल्यावर उठू नये.

पहाटे दंडार संपवून घरी आलो तेव्हा भाची जागीच होती. आम्ही तिला म्हटले, की तुझा चित्रपट पुन्हा लाव, शेवटचा भाग तेवढा. तिने लावला. समुद्रकाठची भेट आम्हांस दुसऱ्या वेळीही लांबलेलीच वाटली, आणि तसे आम्ही तिला सांगितले. ती हसली. मग नावे वर सरकू लागली. ती जपानी लिपीत होती. आम्हांस एकही वाचता आले नाही. भाचीस काही येत होती. ती एकेक वाचून दाखवीत गेली, आणि मधली चित्रे काढणाऱ्यांची रांग आली तेव्हा तिने पडदा थांबविला, आणि ती संपेपर्यंत सावकाश वाचली.